बाबा, गाडीतून उतरायचं नाही

प्रिय आई-बाबा,

दसऱ्यालाच लिहिणार होते, राहून गेलं. परवा कॉलवर आई रडायला लागली आणि माझं निम्मं सांगायचं राहिलं, म्हणून आता सावकाश लिहितेय. तब्येत छान आहे, जेवण वेळेवर आहे, कोट मागच्या वर्षीचाच चालतोय.

दादानं सांगितलं ते खरंय, आम्हाला पोलिसांनी अडवलं होतं. पण "बंदूकवाल्याबरोबर सापडली" असलं काही झालेलं नाही. गाडीचा मागचा एक लाईट गेला होता, वॉर्निंगचा कागद मिळाला, आठच्या आत मी घरी. सहा आठवडे लपवलं हे चुकलं माझं, पण आईचं बीपी वाढलेलं तेव्हाच, कोणत्या तोंडानं सांगणार होते? आणि दादाला मी विश्वासानं सांगितलेलं.

गाडी आमच्या टीममधल्या साठीच्या काकांची होती, काकू मागे बसलेल्या. त्यांच्या कमरेला शर्टाखाली पिस्तूल असतं हे मला माहीत होतं. ते गुंड नाहीत गं आई, दर रविवारी चर्चला जाणारा साधा माणूस आहे. इथं अमेरिकेत, आमच्या ओहायो राज्यात हे कायदेशीर आहे, २०२२ च्या जूनपासून तर २१ वर्षांवरच्या, कायद्यानं बंदी नसलेल्या माणसाला त्यासाठी परवानाही लागत नाही. मी घेईन की काय ही काळजी सोडा, माझ्यासारख्या वर्क व्हिसावाल्यांना बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्यानंच मनाई आहे, शिकारीच्या लायसनसारखी थोडी सूट सोडली तर. आणि मला नकोच आहे.

आता बाबा, हे नीट वाचा, मे महिन्यात तुम्ही माझ्या शेजारी बसणार आहात. आपल्याकडे हवालदारानं शिट्टी मारली की तुम्ही गाडी बाजूला लावता, उतरता, कागद घेऊन त्याच्याजवळ जाता, साहेब म्हणता. तो आपला मान देणं. इथं नेमकं तेच करायचं नाही. मागे लाल-निळे दिवे लागले की गाडी उजवीकडे थांबवायची आणि बसून राहायचं. उतरलात तर त्याला वाटतं हा अंगावर येतोय. काच खाली, आतला दिवा चालू, दोन्ही हात स्टीअरिंगवर आणि शेजारच्यानं हात मांडीवर दिसतील असे ठेवायचे. समोरचा कप्पा उघडायचा नाही, खिशात हात घालायचा नाही, पट्टा सोडायचा नाही. कागद मागितला तर कुठं आहे ते आधी तोंडानं सांगायचं, घेऊ का विचारायचं, हो म्हणाला की मग हळू हात न्यायचा. मला पहिल्या वर्षी हे कळेचना, एवढं भ्यायचं कशाला साध्या वाहतूक पोलिसाला. पण त्यालाही भीती असते, समोरच्या कुठल्याही शर्टाखाली पिस्तूल असू शकतं, म्हणून त्याची नजर आपल्या तोंडावर कमी आणि हातांवर जास्त असते.

त्या रात्री पोलिसानं विचारलं, गाडीत हत्यार आहे का? काका शांतपणे म्हणाले, आहे, उजव्या कमरेला, परवानाही आहे, पाकीट त्याच बाजूच्या खिशात आहे, मी काय करू? पोलीस म्हणाला, तुम्ही तुमच्याला हात लावू नका, मी माझ्याला लावत नाही. मग एकेक सांगत पाकीट काढून घेतलं. दहाएक मिनिटं गेली असतील, मला तासभर वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी सोडताना काकांनी इथल्याच कँटन शहरातली २०११ ची गोष्ट सांगितली. तेव्हा जवळ पिस्तूल आहे हे पोलिसाला आपणहून लगेच सांगायचा नियम होता (आता विचारलं तरच सांगावं लागतं). एक ड्रायव्हर परवाना हातात धरून तेच सांगायला बघत होता, पोलीस त्याला बोलू देईना, आणि पिस्तूल आहे कळल्यावर गोळ्या घालायची धमकी दिली. वर गुन्हा काय, तर सांगितलं नाही म्हणून! पोलिसांच्याच गाडीतल्या कॅमेऱ्यात शब्दन् शब्द होता म्हणून तो सुटला, नाहीतर वर्दीपुढं त्याचं कोणी ऐकलं असतं?

काकू मात्र खाली उतरल्यावर म्हणाल्या, आम्ही गोरे आहोत म्हणून एवढ्यावर निभतं. मिनेसोटात २०१६ साली फिलांडो कॅस्टाइल नावाच्या काळ्या तरुणानं असंच नम्रपणे सांगितलं होतं, माझ्याकडे पिस्तूल आहे. त्याच्याकडेही परवाना होता. काही सेकंदांत पोलिसानं ७ गोळ्या झाडल्या. पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्यात ते आलं, मैत्रिणीनं पुढचं सगळं फेसबुकवर लाईव्ह दाखवलं, तरी तो पोलीस निर्दोष सुटला. मी त्या रात्री झोपले नाही.

आणि बाबा, तुम्ही पाठवलेली क्लिप, नातवाला सांभाळायला आलेल्या गुजराती आजोबांना पोलिसानं जमिनीवर आपटलं ती, खरीच आहे. पण जुनी आहे, फेब्रुवारी २०१५, अलाबामातली. इंग्लिश येत नव्हतं, फिरायला निघाले होते, कोणीतरी फोन केला. त्यातही ज्यूरीचं दोनदा एकमत झालं नाही आणि शेवटी जजनं पोलिसाला सोडलं. पण कॅमेरा नसता तर "म्हाताऱ्यानं झटापट केली" एवढंच कागदावर राहिलं असतं. कॅमेरा कोणाचा हात धरत नाही हे मला पक्कं कळलंय. पण नंतर आपण खोटे ठरत नाही, आणि मला तेवढं तरी हवंय, म्हणून माझ्या गाडीत पुढचं आणि आतलं दोन्ही दिसेल असा कॅमेरा लावलाय, आवाजासकट. खर्च केला म्हणून रागावू नका. तुमच्यासाठी इंग्लिशमधलं कार्ड करतेय, नाव, पत्ता, माझा नंबर. सकाळी फिरताना शर्टाच्या वरच्या खिशात दिसेल असं ठेवायचं. फिरणं बंद करायचं नाही, आमच्या गल्लीत कितीतरी आजी-आजोबा फिरतात.

पैसे कालच टाकलेत. त्यातले ४० हजार बाबांच्या मोतीबिंदूसाठी आहेत, दादाच्या हप्त्याला द्यायचे नाहीत, त्याचे मी पुढच्या महिन्यात वेगळे बघते. आजीच्या वर्षश्राद्धाला मी नव्हते, दक्षिणा पाठवली म्हणजे आले असं होत नाही, माहितेय मला. सांगलीच्या स्थळाला मे पर्यंत थांबा म्हणावं. मुलगा चांगला वाटला बोलायला. पण त्यानं पहिल्याच कॉलवर विचारलं तिकडं सेफ आहे ना, आणि मी पटकन हो म्हणून टाकलं, तेव्हापासून टोचतंय. त्याला मीच सगळं सांगेन, तोपर्यंत आई तू त्याच्या आईला काही बोलू नकोस.

गोळ्या वेळेवर घे गं. पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून बसायची सवय बाबांना रिक्षातच लाव आतापासून.

तुमची,
मनू