बाई, तुमचं नाव राहून गेलं

आदरणीय बाई,

शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या महिन्यात पेठेत माझा सत्कार झाला. एएफसी बी लायसन्सच्या, म्हणजे फुटबॉल कोचच्या परवान्याच्या कोर्सला नंबर लागला म्हणून. खरं तर सत्कार पास झाल्यावर करायचा असतो, पण आपल्या कोल्हापुरात कारण मिळालं की मांडव पडतो. माइक हातात आला आणि मी आभाराची यादी म्हटली. तालमीचे कारभारी, लहानपणीचे कोच, पहिले बूट घेऊन देणारा मामा, गुडघ्याचे डॉक्टर, आई-बाबा, स्टेडियमबाहेरचा वडापाववालासुद्धा. टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर आई एवढंच म्हणाली, "बाईंचं नाव राहिलं."

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे यायचं धाडस झालं नाही, थेट पुण्याची एसटी धरली. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. चूक माइकवर झाली, तर माफी घरात येऊन कानात मागणं बरोबर दिसत नाही. नाव मात्र इथंही लिहीत नाही, तुम्ही रागवाल. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

नाव का राहिलं, याचा विचार केला. "तुझे कोच कोण?" असं कुणी विचारलं की डोळ्यांसमोर शिट्टी आणि ट्रॅकसूट येतो. नववीला इंग्रजी शिकवणाऱ्या, आयुष्यात एकदाही बॉलला पाय न लावलेल्या बाई येत नाहीत. आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही होती. फुटबॉलवाल्या पोरांमध्ये "मला कोचिंग बाईंनी शिकवलं" म्हटलं तर हसतील, ही.

2017 चा हंगाम तुम्हाला आठवत असेल. मी वीस वर्षांचा होतो. शाहू स्टेडियमवर भरल्या गॅलरीसमोर मॅच होती. हलगी चालू होती, वरून कुणीतरी माझ्या बापाचं नाव घेऊन ओरडत होतं. मी उजवीकडे वळलो आणि गुडघा डावीकडेच राहिला. आवाज मला स्पष्ट ऐकू आला, ओली काठी मोडल्यासारखा. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला अस्थिबंध, तुटला. ऑपरेशन, काठ्या, मग फिजिओ, मग घरात बसून भिंत बघणं. त्याच ऑक्टोबरात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता. अख्खी पेठ टीव्हीला चिकटली होती. दिल्लीत अमेरिकेनं आपल्याला तीन गोलांनी हरवलं, तरी लोक खूश होते. मीही ओरडलो. मग मोरीत जाऊन रडलो, हे आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

त्या काळात भेटेल तो मला एकाच माणसाची गोष्ट ऐकवायचा. युलियान नागल्समान, जर्मन फुटबॉल कोच. गुडघ्यानं विसाव्या वर्षी खेळणं संपलं, ऑग्सबुर्गच्या दुसऱ्या संघाचा कोच थॉमस टुखेल यानं त्याला प्रतिस्पर्ध्यांच्या मॅच बघून टिपणं काढायला लावलं, आणि 2016 मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी तो बुंडेसलिगामध्ये, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, हॉफेनहाइमचा मुख्य कोच झाला. गोष्ट खरी आहे आणि चांगली आहे. पण ऐकून ऐकून कान किटले. मी आज अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि तेरा वर्षांखालच्या पोरांना बुटाच्या नाड्या दुहेरी गाठीनं बांधायला सांगतोय. शिवाय त्याला टुखेल भेटला होता. मला कोण भेटणार, असं तेव्हा वाटायचं.

2019 मध्ये मी डी लायसन्सचा कोर्स केला आणि आपटलो. लोकांना वाटतं, चांगला खेळला तो चांगला कोच होणार. तसं नसतं. डी, मग सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो, अशी शिडी आहे, आणि प्रत्येक पायरीवर तुम्हाला मैदानात उभं करून शिकवायला लावतात. तुमच्याबरोबर कोर्सला आलेलेच खेळाडू होतात. विषय चिठ्ठीवर मिळतो, वेळ मोजून. माझ्या वाट्याला वीस मिनिटं होती. त्यातली बारा मी बोलण्यात घालवली. पोरं कमरेवर हात ठेवून उभी. इन्स्ट्रक्टरनं वहीत काहीतरी लिहिलं आणि मान वर केली नाही. तेव्हाच कळलं.

घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, "इंग्रजीनं घात केला." बाबांनाही ते पटलं. शिरोलीच्या फाउंड्रीत त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. आईनं मात्र मला तुमच्याकडे पिटाळलं, इंग्रजी सुधारायला.

तुमच्या घरातलं ते जेवणाचं टेबल, त्यावर चौकटीचं प्लास्टिक. तुम्ही शेंगा सोलत होता. मी रडगाणं गायलो. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "इंग्रजी राहू दे. मराठीत सांग. ते ऑफसाइड म्हणजे काय असतं रे?"

मी हसलो. एवढंच ना!

"स्ट्रायकर शेवटच्या डिफेंडरच्या पुढं गेला की ऑफसाइड."

"पुढं म्हणजे कुणाच्या पुढं? बॉलच्या की माणसाच्या?"

"दोघांच्या."

"केव्हा? बॉल त्याच्यापाशी पोचतो तेव्हा, की मागचा मारतो तेव्हा?"

"मारतो तेव्हा."

"मग पंचानं एकाच वेळी दोन ठिकाणी बघायचं?"

मी गप्प. तुम्ही डबे काढलेत. शेंगदाणे म्हणजे आमचा संघ, हरभरे म्हणजे समोरचा. गोलकीपर म्हणून दोन चिंचोके. बॉल म्हणून साबुदाण्याचा एक दाणा, जो तीनदा खाली पडला आणि तीनदा नवा घ्यावा लागला. मी मांडणी केली, ऑफसाइड दाखवला, मान ताठ. तुम्ही बोटानं चिंचोका उचललात आणि पार पुढं आणून ठेवलात. मागे गोललाइनवर एकच हरभरा, मधे माझा शेंगदाणा.

"आता?"

"आता नाही. मागे एक आहे ना."

घरी जाऊन नियम वाचला. ऑफसाइड होता, बाई. शेवटचा नव्हे, शेवटून दुसरा खेळाडू बघायचा असतो आणि गोलकीपर त्यात धरायचा असतो. तो नेहमी मागेच असतो म्हणून आपण त्याला विसरतो. पूर्वी तर तीन लागायचे, 1925 मध्ये त्याचे दोन केले. दहा वर्षं खेळून, शेकडो वेळा पंचाशी भांडून, मला नियमच नीट माहीत नव्हता. आणि मी म्हणत होतो, इंग्रजीनं घात केला.

दुसऱ्या दिवशी परत आलो तेव्हा तुम्ही जे बोललात ते अजून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. "तू मला जे सांगत होतास ते तुला येतं हे दाखवायला सांगत होतास. मला कळावं म्हणून सांग की."

मग तो पावसाळा सगळा त्या टेबलावर गेला. रोज संध्याकाळी एक विषय. बॉल घेण्याआधी खांद्यावरून मागं का बघायचं. पाठीवर माणूस असेल तर अंग कसं उघडं ठेवायचं. तीन जण मिळून त्रिकोण का करतात, सरळ रेषेत का उभे राहत नाहीत. तुम्हाला एकही गोष्ट पहिल्या फटक्यात कळायची नाही. (मला अजूनही शंका आहे की अर्ध्या वेळा तुम्हाला कळलेलं असायचं.) मी सेशन प्लॅन लिहून आणायचो: पासला सरळ बाण, पळण्याला तुटक, ड्रिबलला नागमोडी. तुम्ही लाल पेन घेऊन बसायचा. बाणांना हात लावला नाहीत. एका ठिकाणी मी 'बचाव, मार्किंग इत्यादी' लिहिलं होतं, त्या 'इत्यादी'भोवती गोल केलात. "माहीत नसलं की माणूस इत्यादी लिहितो." आज माझ्या हाताखालचा नवा कोच 'वगैरे' म्हणाला की माझ्या तोंडून हेच निघतं, आणि तो बिचारा माझ्याकडे बघत राहतो.

पण तुमचं सगळ्यात मोठं देणं टेबलावरचं नाही. ते कट्ट्यावरचं आहे.

तेव्हा मी एका शाळेत सकाळी पोरांना शिकवत होतो, महिना पाच हजारांवर. तुम्ही भाजी घेऊन जाताना थांबलात आणि कट्ट्यावर बसलात. मी अठरा पोरं एका रांगेत उभी केली होती. एक जण मांडलेल्या शंकूंमधून बॉल नेणार, गोल मारणार, रांगेच्या शेवटी जाणार. माझ्या लहानपणी असंच होतं. दिसायला फार शिस्तीचं. मी चोरून तुमच्याकडे बघत होतो, शाबासकी मिळेल म्हणून. तुम्ही भाजीच्या पिशवीतून पावती काढून तिच्या पाठीवर काहीतरी रेघा मारत होता.

संपल्यावर ती पावती माझ्या हातात दिलीत. "तो निळ्या टोपीचा पोरगा. दहा मिनिटांत बॉलला दोनदा पाय लागला. बाकी वेळ तो पुढच्याच्या शर्टाची शिवण बघत होता. चाळीस पोरांच्या वर्गात मी एकच पुस्तक फिरवलं असतं, तर तू वाचायला शिकला असतास का रे?"

दुसऱ्या दिवशी मी रांग मोडली. अठरा पोरं, दोन लहान मैदानं, चार विरुद्ध चार, दोघं बाहेर आणि दर तीन मिनिटांनी बदल. चार बॉल कमी पडले म्हणून पोरांनी घरून दोन आणले. गोंगाट एवढा झाला की मुख्याध्यापक खिडकीत आले. निळी टोपी घामानं काळी झाली होती. हेच पुढं कोर्समध्ये मोठमोठ्या शब्दांत शिकवलं: लहान मैदान, कमी खेळाडू, जास्त स्पर्श, जास्त निर्णय. मी मागच्या बाकावर बसून भाजीची पावती आठवत होतो.

डी पास झालो. फीचे निम्मे पैसे तुमच्या भिशीचे होते. तुमचा नंबर फेब्रुवारीत होता, तो तुम्ही आमच्यासाठी अलीकडे ओढून घेतलात, हे मला तुमच्या शेजारच्या काकूंकडून कळलं. पैसे परत केले, पण तेव्हा त्यावर बोललो नव्हतो. मग करोना आला, दोन वर्षं मैदानं बंद. 2022 मध्ये सी झालं, 2023 मध्ये पुण्याच्या एका अकादमीत पगारी नोकरी लागली. हे सगळं तुम्हाला माहीतच आहे.

बाबांना अजून ही नोकरी पूर्ण पटलेली नाही. फंड आहे का, एवढंच विचारतात. परवा मात्र त्यांनी फोन केला. खालिद जमील भारताचा कोच झाला ती बातमी कुणीतरी त्यांना दाखवली होती. मी सांगितलं की याच माणसानं 2017 मध्ये मिझोरामच्या ऐझॉलसारख्या लहान क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली होती, आणि इंडियन सुपर लीगमध्ये कायमचा मुख्य कोच झालेला तो पहिला भारतीय. बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे शिडीला वरपर्यंत पायऱ्या आहेत म्हणायच्या." आमच्या घरात ही फार मोठी कबुली झाली.

त्या शिडीवर मी किती वर जाईन ते माहीत नाही. बी होईल असं वाटतं. प्रोपर्यंत जायला पैसा, वर्षं आणि नशीब तिन्ही लागतं. आणि खरं सांगू? मला तेरा वर्षांखालचीच पोरं आवडतात. ती अजून "का?" विचारतात. पंधराच्या पुढची विचारत नाहीत, त्यांना सगळं यूट्यूबवर कळलेलं असतं.

परवाच सरावात एका बारा वर्षांच्या डिफेंडरनं खेळ थांबवून विचारलं, "सर, थ्रो-इनवरून ऑफसाइड का नसतो?" कॉर्नर, गोलकिक आणि थ्रो-इन, तिन्हींवरून नसतो, हे मी पटकन सांगितलं. "ते माहीत आहे सर. का?" आणि मला त्या क्षणी तुमच्या टेबलाचा वास आला, भाजलेल्या शेंगदाण्यांचा. कारण हाच प्रश्न तुम्ही 2019 मध्ये विचारला होता आणि मी "नियम आहे" म्हणून उडवून लावला होता. तुम्ही काही बोलला नव्हता, फक्त एक हरभरा तोंडात टाकला होतात. मी त्या पोराला म्हटलं, मला नक्की सांगता येत नाही, शोधून सांगतो. थ्रो-इनची सूट 1920 मध्ये आली, एवढं सापडलंय. कारणाच्या मागे आहे. "नक्की सांगता येत नाही" हे वाक्य पोरांसमोर बोलायला मला सहा वर्षं लागली.

येत्या रविवारी कोल्हापूरला येतोय. शाल-श्रीफळ आणणार नाही. अकरा शाली कपाटात पडून आहेत, बारावी आणलीस तर पायपुसणं करीन, असं तुम्ही आधीच सांगून ठेवलंय. बी लायसन्सच्या सरावासाठी अकरा विरुद्ध अकराची मांडणी तुम्हाला समजावून दाखवायची आहे. हरभरे तुमचे. शेंगदाणे मी आणतो, आणि या वेळी मोजून बावीस आणतो. गेल्या खेपेला हाफ टाइमच्या आत तुम्ही माझा लेफ्ट बॅक आणि दोन मिडफिल्डर खाल्ले होते.

तुमचा विद्यार्थी,
नववी ब, शेवटचा बाक