काकांचा खिसा

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

आईने गणपतीतल्या तुझ्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला. रुमाल मुठीतून गेला कधी, ते पहिल्या वेळी मलाही दिसलं नाही, आणि मी तोच प्रयोग पंचवीस वर्षं करतोय. पण तो काकांच्या खिशातून निघाल्यावर तू माइकवर म्हणालीस, "काका, झोपला होतात का?" सगळे हसले, काकाही हसले. जागेवर परत जाताना मात्र त्यांनी खिसा दोनदा चाचपला. तिथे मी व्हिडिओ बंद केला.

परवा फोनवर तू विचारलंस, "शेवटी आपण फसवतोच ना, बाबा?" फसवतोच. पण समोरचा आपणहून फसायला येऊन बसलेला असतो. एवढ्या एका करारावर आपली कला उभी आहे.

रॉबेर-उदँचं नाव तुला माहीत आहे. मूळचा घड्याळजी, १८४५ साली पॅरिसमध्ये त्याने जादूच्या प्रयोगांसाठी स्वतःचं थिएटर काढलं. त्याची एक छोटी पेटी होती. एरवी लहान मूलही उचलेल, पण त्याने इशारा केला की धट्टाकट्टा माणूसही तिला हलवू शकत नसे. पेटीच्या तळाशी लोखंड, जमिनीखाली विद्युतचुंबक. वीज तेव्हा लोकांच्या ओळखीची नव्हती. पॅरिसचे लोक टाळ्या वाजवून घरी जायचे.

१८५६ साली फ्रेंच सरकारने त्याला अल्जीरियात पाठवलं. तिथल्या फकिरांचा लोकांवर वचक होता, तो मोडून फ्रेंचांची जादू वरचढ ठरवायची होती. पेटी तीच. या वेळी त्याने एका बलदंड माणसाला सांगितलं की मी तुझी ताकद काढून घेतो. पेटी हलेना, वर कडीतून विजेचा झटका. हे त्याने आपल्या आठवणींत स्वतःच, बऱ्याच अभिमानाने लिहिलंय. त्याच्या हाताला मी आजही नमस्कार करीन. त्या संध्याकाळच्या प्रयोगाला नाही. तिथला माणूस खेळ बघायला आलाय असं समजून बसला नव्हता. त्याला घाबरवायचंच होतं.

आपल्याकडे याच्या नेमकं उलट झालं. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव नारळावर पाणी शिंपडून तो पेटवून दाखवायचे, आणि लगेच सांगायचे, शेंडीत सोडियम आहे. बुवा जे लपवतो ते उघड करायचं. मग आपण आपली गुपितं का जपायची, हे तू विचारशीलच. कारण आपला प्रेक्षक गुपितावाचून अडलेला नाही. त्याला ते कळलं तर तो मोकळा होत नाही, नुसता हिरमुसतो.

मी गुपित फोडलं ते एकदाच. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. एका जत्रेत नाण्याचे प्रयोग केले आणि सामान आवरत होतो. एक बाई तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन आली. म्हणाली, "साहेब, याच्यावरनं हात फिरवा." मी सांगितलं, मी पोस्टात कारकून आहे. तिला पटेना. शेवटी खाली बसलो, नाणं तळहातात कसं धरतो ते तिला सावकाश दाखवलं. दोनदा. मग तिसऱ्यांदा तिच्याच हातून करून घेतलं. तिच्या हातून ते पडलं आणि ती ओशाळून हसली. मग आम्ही दोघं मिळून रिक्षा शोधायला गेलो.

तर पुढच्या वेळी रुमाल काकांच्या खिशातून काढू नकोस, त्यांच्या हातून काढव. तुझ्याकडे बघत त्यांनीच तो ओढू दे, टाळ्या त्यांना मिळू दे. तुझ्या हाताला त्यात जरा जास्त काम पडेल. ते दिवाळीत बसून करू.

येताना तुझी पांढरी दोरी आण. घरातली मी सराव करताना कापली, ती काही केल्या जुळेना. आई हसतेय.

तुझा
बाबा