मृत्यूचे चुंबन आणि पाचवीचा कागद

सांगली, रविवार

चि. ओंकार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. चेक चित्रकार कुबिश्टाच्या चित्रांविषयी तू जे लिहिले आहेस ते मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा वाचताना तुझ्याशी असलेला माझा मतभेद अधिकच पक्का झाला. तुझे म्हणणे असे की, १९१२ मध्ये ‘मृत्यूचे चुंबन’ रंगवणाऱ्या बोहुमिल कुबिश्टाला आपले मरण आधीच दिसले असले पाहिजे, कारण पुढे सहाच वर्षांनी, वयाच्या ३४ व्या वर्षी, स्पॅनिश फ्लूने तो गेला. चित्रकाराला आपले प्राक्तन कळते आणि ते नकळत कॅनव्हासवर उतरते, हा तुझा सिद्धांत ऐकायला मोहक आहे. पण तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवलेल्या बाईला तो पटत नाही.

कुबिश्टा कसा काम करी ते आधी लक्षात घे. जुन्या आचार्यांच्या चित्रांवर रेघा ओढून तो त्यांची रचना तपासत असे, सुवर्णगुणोत्तराची मापे काढत असे आणि रंगांच्या परस्परसंबंधांवर लेख लिहीत असे. इतका हिशेबी माणूस झोपेत चालल्यासारखा आपले भविष्य रंगवेल, हे मला संभवत नाही. त्याच वर्षीच्या ‘संत सेबास्टियन’मध्ये पुष्कळांना त्याचा स्वतःचा चेहरा दिसतो. तो असेलही, पण ती वेदना मरणाची नसून जगण्याची आहे. चित्रे विकली जात नव्हती, पोट भरत नव्हते, म्हणून हा माणूस १९१३ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातल्या नोकरीत परतला आणि एड्रियाटिक समुद्रावरच्या पुला बंदरात किनाऱ्यावरील तोफखान्याचा अधिकारी झाला. डिसेंबर १९१४ मध्ये ‘क्युरी’ ही फ्रेंच पाणबुडी तेथे बुडवली गेली, त्या कामगिरीबद्दल त्याचा गौरवही झाला. मरण यायचे तर ते समुद्राकडून यायला हवे होते. ते आले प्राग शहरात, २८ ऑक्टोबर १९१८ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे नवे प्रजासत्ताक जन्माला आल्यानंतर महिन्याभरात, ताप आणि खोकल्याच्या रूपाने. त्या साथीत जगभर कोट्यवधी माणसे गेली आणि त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी ब्रश हातात धरला नव्हता. कुबिश्टा सत्तरीपर्यंत जगला असता, तर याच चित्राला आपण तरुणपणीचा एक धाडसी प्रयोग म्हटले असते.

गेल्या वर्षी तुझ्याकडे आले होते तेव्हा चेक चित्रकार शिकानेडरच्या १८९० च्या ‘घरातील खून’ या प्रचंड चित्रासमोर आपण उभे राहिलो होतो, ते मला अधिक खरे वाटले. अंगणाच्या फरशीवर एक मुलगी मरून पडली आहे, आणि शेजारपाजारची माणसे थोडे अंतर राखून घोळक्याने उभी आहेत. त्या घोळक्याकडेच मी अधिक वेळ पाहत राहिले. आपल्याकडच्या वाड्यातही लोक असेच उभे राहतात.

आता चित्रकार आणि लेखक योसेफ चापेक घे. त्याने १९३७ मध्ये ‘हुकूमशहाचे बूट’ ही व्यंगचित्रमालिका काढली आणि १९३८-३९ मध्ये ज्वाळांसमोर मुठी आवळून उभ्या राहिलेल्या स्त्रियांची ‘आग’ ही चित्रे रंगवली. याला तू भाकीत म्हणतोस. अरे, शेजारच्या नाझी जर्मनीत काय शिजत होते ते त्याला वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून रोज दिसत होते! जे डोळ्यांसमोर होते ते त्याने चितारले, आणि ज्यांच्या बुटांचे चित्र काढले त्यांनीच १ सप्टेंबर १९३९ रोजी त्याला उचलले. त्याच दिवशी एमिल फिल्ला हा चित्रकारही पकडला गेला. दोघेही बुखेनवाल्डच्या छळछावणीत होते, दोघांनीही तेथल्या चित्रशाळेत काम केले. फिल्ला परत आला आणि १९५३ पर्यंत जगला; चापेक एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपायला काही आठवडे उरले असताना, बेर्गेन-बेल्झेनच्या छावणीत गेला. या दोघांच्या आधीच्या चित्रांतून कोण वाचणार हे ओळखून दाखव, म्हणजे मी तुझा सिद्धांत मानीन. कुत्रा आणि मांजर मिळून केक करायला बसतात आणि स्वतःला आवडणारे सगळे पदार्थ त्यात कोंबतात, ही लहान मुलांची गोष्ट लिहून तिची चित्रेही चापेकच्या त्याच हाताने काढली होती.

तू पाच दिवसांचा झालास त्या रात्री तुझ्या आजीने पाटा-वरवंटा पुजून शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवले होते, कारण सटवाई येऊन बाळाचे भविष्य लिहिते, अशी आपल्याकडची समजूत. सकाळी कागद अर्थातच कोरा होता. तुझ्या टेबलावर बेडरिख फ्रिट्टाच्या पुस्तकाची छापील आवृत्ती चाळताना मला तो कागद आठवला. फ्रिट्टा हा चित्रकार टेरेझीन येथे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत कैद होता. दिवसा नाझींच्या हुकमाने आराखडे काढायचे आणि चोरून तिथली उपासमार, गर्दी, मरण काळ्या शाईत नोंदवायचे, असे त्याचे चालले होते. त्याच्या टोमाश या मुलाला २२ जानेवारी १९४४ रोजी तिसरे वर्ष पूर्ण झाले, आणि त्या वाढदिवसासाठी बापाने रंगीत चित्रांचे एक पुस्तक केले. एका चित्रात पोरगा प्रवासाच्या पेटीवर चढून खिडकीबाहेर पाहतो आहे. पुढच्या पानांवर बापाने त्याला दूरदूरच्या देशांत हिंडवले आहे, आणि मोठेपणी तू कोण होशील, असे विचारत एकामागून एक व्यवसायांचे कपडे चढवले आहेत. ज्या बापाला रोज मरणच चितारावे लागत होते, त्याने मुलासाठी मात्र मरणाचा एक ठिपकाही कागदावर पडू दिला नाही. तुझ्या हिशेबाने या पुस्तकात त्याचे प्राक्तन दिसायला हवे. ते कोणत्या पानावर आहे?

त्याच वर्षी जुलैत चोरून काढलेल्या चित्रांपायी फ्रिट्टाला बायको-मुलासह तुरुंगात टाकण्यात आले, आणि नोव्हेंबरात तो आउश्विट्झच्या छळछावणीत मेला. बायकोही वाचली नाही. त्याचा सहकारी चित्रकार लेओ हास मात्र जिवंत परतला. त्याने लपवलेली चित्रे बाहेर काढली आणि टोमाशला दत्तक घेतले.

सुट्टीत प्रागमधल्या विशेहरादच्या दफनभूमीत जाऊन ये. तेथे चापेकच्या नावाचा दगड आहे. त्यावर लिहिले आहे की, योसेफ चापेक येथे पुरला गेला असता, थडगे दूर आहे. त्याचा फोटो पाठव, अक्षरे वाचता येतील इतक्या जवळून. आणि पुस्तकाच्या चित्रांचे जे नवे काम तुला मिळाले आहे, त्यात गोष्टीतल्या आजोबांचे मरण ठेवायचे की नाही हे ठरवताना कुबिश्टाला मध्ये आणू नकोस. गोष्टीला हवे असेल तर ठेव.

थंडी वाढली असेल. कानटोपी घालत जा.

तुझी,
आई