कॉर्पोरेशन स्ट्रीटचा हिशेब

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

बर्मिंगहॅमच्या ज्या कॉर्पोरेशन स्ट्रीटवरून तू रोज कॉलेजला जातेस, तो रस्ता महापौर जोसेफ चेंबरलेनच्या योजनेतला. नगररचनेच्या अभ्यासात त्याचं नाव येईलच. तू आधी त्याचे जमाखर्च बघ, स्मारकाचं कारंजं मागाहून.

माणूस मूळचा लंडनचा. १८५४ साली, अठराव्या वर्षी, आत्याच्या यजमानांच्या स्क्रूच्या धंद्यात आला आणि त्यात गब्बर झाला. नोव्हेंबर १८७३ मध्ये महापौर, जून १८७६ मध्ये खासदार. म्हणजे हाती जेमतेम अडीच वर्षं!

त्याने कामांचा क्रम अचूक लावला. आधी गॅस. गावात दोन खासगी कंपन्या, दोघींच्या नळांसाठी तेच रस्ते पुन्हा पुन्हा खणायचे. १८७५ मध्ये पालिकेने कर्ज काढून दोन्ही विकत घेतल्या, सुमारे २० लाख पौंडांना. गॅसचं बिल दर घरातून वसूल होतं, त्यामुळे पहिल्याच वर्षी ३४,००० पौंड नफा. मग पाणी, १३.५ लाख पौंडांना. विहिरींत घाण झिरपत होती, रोगराई वाढली होती. पाण्यावर मात्र नफा घ्यायचा नाही, हे त्याने पार्लमेंटच्या समितीपुढेच सांगून टाकलं. पाणी आधी घेतलं असतं तर करदाते बिथरले असते, असं मला वाटतं.

तिसरं काम झोपडवस्तीचं, आणि घोडं इथेच अडलं. १८७५च्या कायद्याने पालिकेला दाट, रोगट वस्ती सक्तीने विकत घेता येऊ लागली. घरं पाडली, मधून रुंद रस्ता काढला, दुतर्फा भूखंड ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. जमीन पालिकेचीच राहिली, मुदत संपल्यावर इमारतीही तिच्याच. हिशेब चोख! पण असं भाडं दुकानदारालाच परवडतं, कामगाराला नाही. त्या भागातला मृत्युदर हजारी ५३ वरून २१ वर आला, असं पुस्तकांत कौतुकाने लिहितात. तो आकडा जपून वापर: आजारी पडणारी माणसंच तिथून उठली होती. ती शेजारच्या गल्ल्यांत दाटीवाटीने शिरली.

पालिकेने कामगारांसाठी स्वतः घरं बांधली ती १८९०च्या सुमारास, रायडर स्ट्रीटवर. अवघी २२.

तुझी,
आई