आधी घर, मग घोरपड

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. घोरपड पाळायची इच्छा आहे, पहिल्यांदाच पाळणार आहेस आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, असं लिहिलंस. सुरुवात जनावरापासून करू नकोस. घर आधी बांध, ते महिनाभर रिकामं चालव आणि मगच जनावर आण. बहुतेक लोक उलट करतात. पिल्लू आवडतं, ते घरी येतं, काचेच्या टाकीत बसतं आणि मग ‘मोठी पेटी पुढे बघू’ असं ठरतं. ते ‘पुढे’ येईपर्यंत त्याची मूत्रपिंडं बिघडायला लागलेली असतात, आणि बाहेरून काही दिसत नाही.

त्याच्याही आधी कायदा. भारतात आढळणाऱ्या घोरपडीच्या चारही जाती १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्या पाळणं हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. मी लिहितोय ते परदेशी जातींबद्दल. त्याही वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साईट्स करारात येतात, म्हणून तू राहतोस तिथला नियम आणि विकणाऱ्याचे कागद, दोन्ही स्वतः वाच. कागद नसतील तर बोलणंच थांबव.

आता जात. तू सॅव्हाना मॉनिटर या आफ्रिकेतल्या घोरपडीचं नाव काढलंस, कारण ती स्वस्तात मिळते आणि शांत म्हणून प्रसिद्ध आहे. माझं मत स्पष्ट सांगतो: पहिलं जनावर म्हणून अ‍ॅकी घे. अ‍ॅकी ऑस्ट्रेलियातली, काटेरी शेपटीची, शेपटीसकट साधारण ६० ते ७० सेंटिमीटरची. ऑस्ट्रेलिया आपल्या वन्यप्राण्यांची व्यापारी निर्यात होऊ देत नाही, त्यामुळे बाहेर मिळणारी अ‍ॅकीची पिल्लं बहुधा पाळीव जोड्यांचीच असतात. सॅव्हानाचं तसं नाही. ती पश्चिम आफ्रिकेतून हजारोंनी येते, त्यातली पुष्कळशी थेट रानातून, अंगावर गोचिड्या आणि पोटात जंत घेऊन. वाढून मीटरभर होते आणि अंगाने जाडजूड असते. आफ्रिकेतलीच नाइल मॉनिटर तर दोन मीटरच्या घरात जाते. तिला खोलीच द्यावी लागते, पेटी नव्हे. शांत दिसणारी सॅव्हाना पुष्कळदा थंडीने आणि तहानेने मंदावलेली असते. व्यवस्थित ऊब मिळालेली सॅव्हाना दिवसभर उकरते, हुंगते, इकडून तिकडे धावते.

घराचं माप असं: एका अ‍ॅकीसाठी कमीत कमी १२० सेंटिमीटर लांब आणि ६० रुंद; जमलं तर १८० बाय ९०. सॅव्हानाला २४० बाय १२० च्या खाली विचारच करू नये. वरून जाळी असलेली काचेची टाकी घेऊ नकोस. ऊब आणि ओल दोन्ही वरून निघून जातात आणि तू आयुष्यभर फवारणी करत बसशील. चारही बाजूंनी आणि वरून बंद, पुढे काचेची दारं आणि हवेला एक-दोन छोटी छिद्रं, अशी लाकडी पेटी चांगली. आतून जलरोधक लेपाचे तीन-चार हात दे आणि वास पूर्ण जाईपर्यंत ती उघडी ठेव.

मातीबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण सगळं तिथेच ठरतं. घोरपड उकरणारा प्राणी आहे. घानात सॅव्हानावर काम झालं तेव्हा तिची लहान पिल्लं मोठ्या रातकिड्यांच्या बिळांत राहताना आढळली. ज्या प्रदेशाला आपण कोरडा म्हणतो तिथे जमिनीखाली बिळातली हवा दमट असते. वर कडक ऊन, खाली ओल, आणि जनावर दिवसभर या दोहोंत ये-जा करतं. पेटीत वरचं ऊन दिलं आणि खालची ओल दिली नाही, तर प्रत्येक श्वासागणिक त्याच्या अंगातलं पाणी कमी होतं. मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तात यूरिक आम्ल साठतं आणि सांध्यांत, अवयवांत त्याचे खडे धरतात. हा गाउट एकदा झाला की परतीची वाट जवळजवळ नसते. भांड्यात पाणी भरून ठेवलंय म्हणून बिळाची गरज संपत नाही.

म्हणून अ‍ॅकीला निदान ३० सेंटिमीटर आणि सॅव्हानाला ६० सेंटिमीटर खोल माती. खत-औषध नसलेली साधी माती आणि वाळू मिसळायची, पाणी शिंपडायचं आणि मूठ दाबून बघायची. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. मग फावड्याचा दांडा तिरका खुपसून बाहेर काढ. भोक ढासळलं तर मिश्रण चुकलं. लाकडाचा भुसा, सालींचे तुकडे, कागद, नुसती वाळू यांत बीळ टिकत नाही.

आणि वजन मोज! १८० बाय ९० च्या पेटीत ४५ सेंटिमीटर ओली माती भरली तर ती टनभर तरी होते. पेटीचा तळ, खालची चौकट, खोलीची जमीन, सगळ्यांचा विचार आधीच करावा लागतो. भरलेली पेटी नंतर हलत नाही. उंचीही तशीच धर: मातीचा थर वगळून वर दिव्यांसाठी पुरेशी जागा राहिली पाहिजे.

उष्णतेचा आकडा ऐकून तू दचकशील. ऊन शेकायच्या जागेचा पृष्ठभाग ५५ ते ६५ अंश सेल्सिअस हवा. हवेचं नाही हं, दगडाचं किंवा फळीचं तापमान. जनावर तिथे थोडा वेळ पसरतं, अंग तापवून घेतं आणि निघून जातं. दुसऱ्या टोकाला हवा २४ ते २७ अंशांवर राहिली पाहिजे, नाहीतर थंड व्हायला जागाच उरत नाही. एकच मोठा दिवा लावू नकोस. तो पाठीवर एका ठिकाणी भाजतो आणि बाकीचं अंग गारच राहतं. कमी वॅटचे दोन-तीन हॅलोजन शेजारी-शेजारी लाव, म्हणजे नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत सगळं अंग एकदम तापेल. ठरलेल्या तापमानाला दिवे आपोआप मंद करणारा डिमिंग थर्मोस्टॅट वापर, दिव्यांना पिंजरा घाल, आणि पृष्ठभाग मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर घे. काचेवर चिकटवायच्या तबकड्या काही कामाच्या नाहीत. गरम दगड म्हणून जे मिळतात तेही नकोत, पोट भाजतं.

दिव्यांखाली प्लायवूडच्या फळ्या एकावर एक रचून मधे कमी-जास्त फटी ठेवतात. त्याला पाळणारे रेट्स स्टॅक म्हणतात. वरची फळी सगळ्यात तापलेली, खालची गार. जनावर स्वतःला हवी ती फट निवडतं आणि पाठ-पोट दोन्हीकडून टेकून निवांत पडतं. घोरपडीला उघड्यावर ऊन शेकायला भीती वाटते, फटीत वाटत नाही. बनवायला एक दुपार पुरते. सोबत उन्हातली अतिनील किरणं देणारी लांब यूव्हीबी ट्यूब हवीच. ती दिसायला पेटत राहिली तरी तिच्यातली अतिनील किरणं कमी होत जातात, म्हणून साधारण वर्षाने बदल.

खाण्यात सगळ्यात मोठा घोटाळा उंदरांचा होतो. उंदीर सहज मिळतात, जनावर झडप घालतं, बघणाऱ्याला मजा येते, आणि सॅव्हाना दोन-तीन वर्षांत पोट जमिनीला टेकेल इतकी लठ्ठ होते. पुढे यकृतात चरबी साठते. रानात तिचं मुख्य खाणं कीटक, गोगलगायी, गोम, विंचू असलं असतं. तेव्हा रातकिडे, डुबिया झुरळं, टोळ, गांडुळं, गोगलगायी हाच पाया ठेव, आणि उंदराचं पिल्लू क्वचित. कीटकांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, म्हणून कॅल्शियमची भुकटी लावून द्यायची, नाहीतर हाडं मऊ पडतात. कीटकांनाही आधी दिवसभर चांगला पाला-भाजी खायला घाल. नुसता खिमा किंवा कच्चं अंडं हे रोजचं जेवण नव्हे. पिल्लांना रोज, मोठ्यांना आठवड्यातून तीन-चार वेळा. शेपटीचं मूळ गोल फुगायला लागलं तर हात आखड.

आता हाताळण्याचं. तुला ते खांद्यावर बसलेलं हवंय, मला माहीत आहे. पहिले काही महिने तो हट्ट सोड. पेटीजवळ नुसता बस, वाच, काम कर. चिमट्याने खाऊ दे. तुझा जुना सदरा आत ठेव. दुभंगलेल्या जिभेने ते वास टिपतं आणि हळूहळू तुझ्या वासाला सरावतं. ते आपणहून हातावर चढलं तर चढू दे. वरून झडप घालून कधीच उचलू नकोस, शिकारी पक्षीही वरूनच येतो. शेपटीला तर हातच लावू नकोस. पालीसारखी ती आपणहून टाकता येत नाही, आणि एकदा तुटली की पुन्हा येत नाही. पाळीव घोरपड माणसाला ओळखते, खाऊ आणणाऱ्या माणसाला तर नक्कीच, आणि कुत्र्यासारखं प्रेम तिने दाखवलं नाही म्हणून तिचं ते ओळखणं कमी ठरत नाही. मला तरी तेवढं पुरतं. प्रत्येक वेळी हात साबणाने धू, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हे जुलाब-ताप आणणारे जंतू असू शकतात. घरात लहान मूल असेल तर जास्तच.

सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेव. जनावर आल्यावर लगेच विष्ठेची तपासणी करून घे, जंत निघाले तर वेळेवर औषध होईल. मादी निघाली तर नर नसतानाही तिच्यात अंडी धरू शकतात आणि घालायला खोल, उबदार, ओलसर माती मिळाली नाही तर ती अडकून जीव जाऊ शकतो. इथेही मातीच.

अ‍ॅकी चांगली ठेवली तर पंधरा वर्षं जगते, वीसही. तेवढ्या वर्षांत तुझी घरं बदलतील, त्याचाही विचार करून पेटी तुकड्यांत सुटी होईल अशी बनव.

आराखडा काढलास की लांबी, रुंदी आणि मातीची खोली लिहून पाठव. पेटी चालू झाली की रोज सकाळ, दुपार, रात्र अशी फळीच्या, थंड टोकाच्या आणि बिळाच्या तापमानाची नोंद ठेव आणि तीही पाठव. दुपारी थंड टोक तीसच्या वर जात असेल तर जनावर आणायची तारीख पुढे ढकल, तोवर दिवे कुठे सरकवायचे ते आपण मिळून बघू.

तुझाच मित्र