बाई, माझी गणिताची वही वाचलीत त्याबद्दल

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळतो आहे. पण पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते करू शकणारे निवृत्त शिक्षक गावोगाव आहेत, आणि त्यांची वाट बघणारे माझ्यासारखेही.

दहावीला गणितात ४१ मार्क, मग आयटीआय टर्नर, मग नाशिकच्या सातपूरला लेथ, म्हणजे धातूचा तुकडा (आम्ही त्याला जॉब म्हणतो) फिरवत कापायचं मशीन. बरीच वर्षं टेपरचा, म्हणजे एका टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या जॉबचा, कोन तक्त्यावरून लावत होतो. एकदा तक्त्यात नसलेला जॉब आला: ५० मिलिमीटर लांबीत व्यास ४० वरून ३० वर. एका जुन्या कारागिरानं खडूनं मांडून दाखवलं. व्यासांतल्या फरकाचा निम्मा ५, भागिले ५०, म्हणजे ०.१, ज्याचा टॅन ०.१ तो कोन ५ अंश ४३ मिनिटं. कंपाउंड स्लाइड, म्हणजे कापायचं हत्यार तिरकं सरकवणारा भाग, तेवढी फिरवली आणि जॉब मापाच्या गेजमध्ये बसला. दहावीत पाठ करून टाकून दिलेला टॅन माझ्या हातात काम करत होता. त्या रात्री बालभारतीची नववी-दहावीची पुस्तकं मोबाइलवर उतरवून घेतली, पुढे अकरावी-बारावीचीही.

पुस्तकं फुकट, व्हिडिओ फुकट. वही वाचणारं मात्र कोणी नव्हतं. उत्तर चुकलं एवढं पुस्तकाच्या मागच्या पानांवरून कळतं, पण कुठल्या ओळीत चुकलं ते कळत नाही. चुकीची ओळ आपल्याला बरोबरच दिसत असते, म्हणून तर ती लिहिलेली असते. एकच गणित मी चार-चार वेळा केलं आणि चारही वेळा त्याच ओळीत पडलो.

वाचनालयात तुम्ही शेजारच्या टेबलावर पेपर वाचत होतात. "वही बघू का?" एवढंच विचारलंत. माझ्या शिफ्ट बदलत्या, म्हणून ठरलं की मी वही काउंटरवर ठेवायची आणि पुढच्या गुरुवारी घेऊन जायची. तीन वर्षांत अकरा वह्या झाल्या. तुम्ही एकही गणित सोडवून दिलं नाहीत. चुकलेल्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ आणि शेजारी एक वाक्य, बस.

मी √(अ² + ब²) = अ + ब असं लिहीत सुटलो होतो. तुम्ही लिहिलंत: "३ आणि ४ घालून बघा." घातले. एकीकडे ५ आले, दुसरीकडे ७. ती चूक परत झाली नाही. क्ष² = ५क्ष मध्ये दोन्ही बाजूंना क्ष ने भागून मी ५ उत्तर काढलं, तर शेजारी: "दुसरं उत्तर कुठे सांडलं?" शून्य सांडलं होतं, बाई. क्ष शून्य असू शकतो तिथे त्यानं भागायचं नाही, हे नियम म्हणून मी आधी वाचलं होतं. समजलं ते त्या 'सांडलं' शब्दानं.

सगळ्यात जास्त आठवतं ते साइनचं पान. क्ष शून्याकडे गेला की साइन क्ष भागिले क्ष ची सीमा (लिमिट) १ येते असं पुस्तक म्हणत होतं. माझा कॅल्क्युलेटर ०.०१७४५ दाखवत होता. पुस्तक चुकलंय असं मी वहीत लिहूनही टाकलं. तुम्ही एक वर्तुळ काढलंत, त्यात धनुष्यासारखा कंस आणि त्याची दोरी, आणि खाली लिहिलंत: "नववीतली जीवा आठवा. साइन म्हणजे आपली 'ज्या', अर्धी दोरी. धनुष्य लहान लहान करत न्या." कंस जितका लहान, तितकी दोरी त्याला चिकटत जाते. पण कोन कंसाच्या लांबीनं मोजला तरच, म्हणजे रेडियनमध्ये. माझा कॅल्क्युलेटर अंशात होता, आणि ०.०१७४५ म्हणजे पाय भागिले १८०. हा जीवा शब्दच अरबीत जीबा होऊन गेला, तिथे जैब असा वाचला गेला, म्हणजे कपड्याची घडी, आणि लॅटिनमध्ये त्याच अर्थाचा सायनस झाला, हे तुम्ही त्याच पानाच्या मागे लिहिलं होतंत. ते पान मी फाडून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलं आहे.

मग एफ.वाय.चं एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे सीमेची काटेकोर व्याख्या, आलं. दोन महिने गेले. शेवटी मी माझ्या भाषेत लिहिलं: एप्सिलॉन म्हणजे गिऱ्हाइकानं जॉबवर मागितलेला टॉलरन्स, मापात चालेल तेवढा फरक, डेल्टा म्हणजे त्यासाठी सेटिंग किती जवळ ठेवायचं ते. ०.०२ मागा नाहीतर ०.००२, प्रत्येक मागणीला मला सेटिंग सांगता आलं पाहिजे. तरच सीमा आहे म्हणायचं. तुम्ही खाली लिहिलंत: "इतकी वर्षं शिकवलं, हे मला सुचलं नव्हतं." ती ओळ घरी आईला वाचून दाखवली. तिला सीमा कळली नाही, पण तिनं वही डोळ्याला लावली.

मी परीक्षा दिलेली नाही. प्रमोशनही यामुळे झालेलं नाही. तरी ड्रॉइंग हातात आलं की आता मी आधी ते वाचतो आणि मग तक्त्याकडे बघतो, आणि शेजारच्या मशीनवरचा मुलगा कोन विचारायला आला की त्याला म्हणतो, आधी तुझं मांडून दाखव.

बाई, तुमचे आभार. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर वाचायची परवानगी मिळाली असं काउंटरवरच्या ताईंनी सांगितलं, म्हणून धीर करतो. बारावी वही या गुरुवारी ठेवतोय. मॅट्रिक्स चालू आहेत. चौदाव्या पानावर अडलोय. अक्षर मोठं काढलं आहे.

आपला,
लेथवाला विद्यार्थी