सहा किलो गेले, पण कशाचे?

कोथरूड, पुणे

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल पाठवलेला वजनकाट्याचा फोटो बाबांनी दोनदा मोठा करून पाहिला. सहा किलो उतरवलेस, कपडे सैल झाले, तू आनंदात आहेस. फोनवर मी फार बोलले नाही, कारण तू ऑफिसच्या गाडीत होतीस. म्हणून आज सविस्तर लिहिते. मुक्ता, मला त्या सहा किलोंची काळजी वाटते.

सकाळी नुसती कॉफी, दुपारी सॅलड, रात्री वरणाचं पाणी आणि अर्धी भाकरी. व्यायाम म्हणशील तर ऑफिसच्या आवारात चार फेऱ्या. असं वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. केवळ खाणं तोडून घटवलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीखेरीजचा असतो आणि त्यात स्नायूंचा वाटा मोठा. म्हणजे तुझ्या सहातले दीड किलो त्या खात्यावरचे असण्याची शक्यता आहे. काट्याला हे कळत नाही, तो बेरीज सांगून मोकळा होतो. आणि उद्या वजन परत चढलं, तर चढते ती मुख्यतः चरबी.

तू म्हणशील, मी कुठे जाड होते? तेच तर सांगायचंय. आपल्याकडे बारीक दिसणं हा निरोगीपणाचा पुरावा नाही. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर याच प्रश्नावर काम केलंय. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि डॉ. जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांच्या चमूनं नवजात बाळं मोजली, तेव्हाही तेच आढळलं. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. वजनात एवढा फरक, पण आपल्या बाळांची चरबी त्या मानानं शाबूत आणि कमतरता होती ती स्नायूंची. म्हणजे आपण जन्मतःच या बाबतीत कमी शिलकीवर सुरुवात करतो. त्यात जेवणातली साखर मुख्यत्वे स्नायूच उचलतात. स्नायू कमी, तर साखर रक्तात रेंगाळणार. आजीचा मधुमेह तू जवळून पाहिला आहेस.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी अंदाजे तीन ते आठ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर वेग वाढतो, आणि बायकांना पाळी गेल्यावर आणखी फटका बसतो. ताकद तर त्याहून लवकर उतरते. आधी बारीक होतात ते स्नायूंतले झटकन काम करणारे तंतू. पाय अडखळला की सावरायला लागतात ते हेच. म्हातारपणी पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं याची तयारी अशी चाळिशीतच सुरू झालेली असते. तू अडतीसची आहेस.

माझ्याकडे उपचाराला एक काका येतात, सत्तरीचे. गुडघा दुखतो म्हणून आले होते. मी त्यांना साध्या खुर्चीत बसवलं, हात छातीवर घडी करायला सांगितलं आणि म्हटलं, उठा. ते पुढे झुकले, अर्धवट उठले आणि धपकन परत बसले. दुसऱ्या खेपेला हात आपसूक सुटले आणि खुर्चीचा दांडा शोधू लागले. मांडीवर टेप लावली तर दुखऱ्या पायाची मांडी चांगलीच बारीक. ‘अहो, पण मी कमला नेहरू पार्कात रोज तासभर चालतो!’ चालणं हृदयाला उत्तमच, ते सोडू नये. पण स्नायूला वाढायचं कारण मिळतं ते ओझ्यामुळे. हेच काका आता पाच किलोची तांदळाची पिशवी छातीशी धरून त्याच खुर्चीतून उठतात. गुडघाही बराच शांत आहे.

वयाची सबब मी कुणाचीच ऐकत नाही. १९९० साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या घरातल्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा जणांना आठ आठवडे वजनाचे व्यायाम दिले होते. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होतं!

तर आता तू काय करायचं. आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, मध्ये एक दिवस तरी विश्रांती. खुर्चीवर टेकेपर्यंत बैठका, ओट्याला हात टेकून दंड, पायरीवर उभं राहून टाचा उचलणं, रबरी पट्टा दाराला अडकवून ओढणं. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्याच पाहिजेत. सोप्या वाटायला लागल्या की ओझं वाढव. लोक इथेच चुकतात, वर्षभर तीच एक किलोची डंबेल्स हलवत बसतात. दंड सुजतील ही भीती काढून टाक, बाईचं शरीर असं सहजासहजी फुगत नाही.

आणि खाणं. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, निरोगी प्रौढाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगते. वजन उतरवणाऱ्यानं १.२ धरावीत असं माझं मत. तुझ्या ५५ किलोंना साधारण ६५ ग्रॅम. दोन अंडी १२, शंभर ग्रॅम पनीर १८, पेलाभर दूध ८, वाटीभर मटकीची उसळ अंदाजे ८, उरलेली पोळी, घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाण्यांतून. सगळी रात्रीच्या जेवणात कोंबू नकोस, तिन्ही वेळांना वाटून घे. सकाळची नुसती कॉफी मला अजिबात मान्य नाही. पोहे, साबुदाणा खिचडी आवडते ते ठाऊक आहे, पण त्यात प्रथिनं नावापुरती. पोह्यांबरोबर अंडं किंवा वाटीभर उसळ घे. तुझ्या सासूबाईंना मात्र हे आकडे लावू नकोस. त्यांच्या मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा.

ड जीवनसत्त्व तपासून घे. दिवसभर एसीत बसतेस.

रबरी पट्टे आज कुरिअरनं पाठवले. लाल आधी, पंधरा वेळा सहज जमलं की हिरवा. रविवारी खुर्चीची परीक्षा कर. हात छातीवर, पाच वेळा पूर्ण उठायचं-बसायचं, मोबाइलवर वेळ लावून. आशियाई लोकांसाठी १२ सेकंदांची मर्यादा आहे, त्याहून जास्त लागले तर ताकद कमी समजतात, आणि तीही म्हाताऱ्यांसाठी. तुला त्याच्या बरंच आत यायला हवं. जितका वेळ लागेल तो मला कळव, त्यावरून पुढचा महिना आखून देते. जावईबापूंनाही उठव-बसव.

तुझी,
आई